इग्लालची वकील

शब्द तसा साधा होता. 'निर्धन.' कोर्टाच्या तळमजल्यावर गरिबांना फुकट वकील मिळवून देणारी एक खोली आहे. तिथल्या जाळीपलीकडच्या माणसानं तो शब्द आवाज न चढवता, जवळजवळ मायेनंच उच्चारला. "पगार आहे म्हणता ना बाई? मग तुम्ही आमच्यात बसत नाही. बसायचंच असेल तर इथं लिहून द्या, मी निर्धन आहे, मला कसलीही कमाई नाही. देतात सगळे लिहून. कोण बघतंय?" आणि त्यानं जाळीखालून पेन सरकवलं. इग्लालनं ते घेतलं, टोक कागदाला लावलंही. शाईचा एक ठिपका उमटला आणि तिथंच तिचा हात थांबला. इतकी वर्षं परक्यांच्या दंडात सुई घालताना कधी न थांबलेला हात. मागच्या बाईच्या कपड्यांना तळलेल्या वांग्याचा वास येत होता, वरचा पंखा एका बाजूला झुकून खरखरत होता, आणि तिला एकदम वाटलं, हा शब्द लिहिला तर तो आपल्या अंगाला चिकटेल. पोरीच्या, रिताजच्याही. घरी जाऊन कितीही घासलं तरी निघायचा नाही. तिनं पेन परत सरकवलं. "मी निर्धन नाही," ती म्हणाली. म्हणायचं होतं हळूच, पण आवाज मोठा निघाला. रांगेतल्या बायका बघायला लागल्या. "अरे वा," जाळीमागचा माणूस हसला, "मग अभिनंदन! बाहेर रस्ताभर वकिलांच्या पाट्या आहेत, बाईसाहेब. मनाला येईल तो निवडा." रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाहेर मनशिया चौकात ऊन नुसतं ओतत होतं. काटेरी निवडुंगाची फळं विकणारा गाडीवाला सुरीनं सालं काढत होता आणि पाट्या खरोखरच होत्या. दुसऱ्या मजल्यावर, तिसऱ्या मजल्यावर, गॅलऱ्यांच्या कठड्यांवर, एकावर एक, काळ्यावर सोनेरी. त्यातल्या एकाकडे ती जाऊन आली होती. गार खोली, कातडी खुर्ची, कॉफीचा कप. त्यानं फीचा आकडा सांगितला तेव्हा तिनं नीट ऐकू आलं नाही असं दाखवलं. पुन्हा सांगताना त्याला संकोच वाटेल आणि तो थोडा उतरेल, अशी तिची अटकळ. त्यानं तोच आकडा पुन्हा सांगितला आणि वर सल्ला दिला, "पोरीच्या बापाशी गोडीनं घ्या. कोर्टकचेरी बायकांना सोसत नाही." ती गार खोली आणि ही जाळीची खोली, यांच्या मधे कुठंतरी आपण राहतो, असं तिच्या मनात आलं. आपण, शेजारचा न्हावी, तिसऱ्या मजल्यावरचे चित्रकलेचे मास्तर, ट्रामवरची कंडक्टर. महिन्याच्या महिन्याला भाडं भरणारी, ईदला नवे कपडे शिवणारी, कुणापुढं हात न पसरणारी माणसं. आपल्याला वकील कुठं मिळतो? आपल्यावर अन्याय होतच नाही, असं धरून चाललेत की काय सगळे?

अन्याय हा शब्दही तिला मोठाच वाटायचा. झालं होतं ते एवढंच: सुट्टी संपत आली म्हणून ती रिताजची पुस्तकं आणायला शाळेत गेली, तर दारावरच्या रखवालदारानं, अम्म शहातानं, नेहमीसारखा सलाम केला आणि मग नजर चुकवली. "रिताजचं नाव काढलंय, मॅडम. तिचे वडील येऊन गेले." कार्यालयात मुख्याध्यापिकेनं दोन्ही हात वर केले. बाप आला, बापानं मागितलं, आम्ही दिलं. नाव आता रशीद शहराच्या पलीकडच्या गावातल्या शाळेत होतं, तिच्या बापाच्या, मुतवल्लीच्या, आईच्या गावात. इग्लालला कारण लगेच कळलं. त्याच्या आईला, हाज्जा सत्तूताला, मागच्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. मुतवल्लीची नवी बायको तिथं जायला तयार नव्हती, मुतवल्लीची नोकरी बंदरातली. राहिलं कोण? तेरा वर्षांची रिताज. शाळा नावापुरती, खरं काम म्हाताऱ्या आजीला उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं. रिताज शाळेच्या हँडबॉल संघाची गोलरक्षक होती. तिच्या दंडांवर कायम चेंडूचे निळे वळ असायचे आणि ती ते बाही वर करून मैत्रिणींना दाखवायची. इग्लालला ते वळ बघवायचे नाहीत आणि बघितल्यावाचून राहवायचंही नाही. त्या संध्याकाळी पोरीनं चेंडू पलंगाखाली ढकलला आणि ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. इग्लालला त्या पाठीची भीती वाटली. तिची स्वतःची आई अशीच भिंतीकडं तोंड करून झोपायची, बापाचा हात गेल्यापासून.

बापाचा हात. हे ती सहसा आठवायची नाही. अब्दुस्समी, कापसाच्या गोदामातला हमाल, एका दमात गासडी खांद्यावर घेणारा. गल्लीतली पोरं त्याच्या दंडाला लोंबकळायची. मग एके दिवशी दाबयंत्रात उजवा हात गेला. पुढं मालकाच्या कचेरीत बोलावणं आलं तेव्हा तो लहानग्या इग्लालला बरोबर घेऊन गेला होता, एकटं जायला नको म्हणून. एवढा मोठा माणूस आणि त्याला सोबत हवी होती. टेबलापलीकडे मालकाचा वकील, गोरापान, बोटं पांढरीशुभ्र. त्यानं भराभर काहीतरी वाचलं. शिष्ट अरबी, मशिदीतल्या प्रवचनासारखी. बाप प्रत्येक वाक्याला म्हणत होता, "जी बेक. जी बेक." खुर्ची रिकामी होती, पण त्याला बस म्हणालं नाही कुणी, आणि तोही बसला नाही. मग त्याच्या डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. बाहेर आल्यावर इग्लालनं विचारलं, "बाबा, काय वाचलं त्यांनी?" बाप म्हणाला, "आपल्याला काय कळतंय त्यातलं, पोरी? अल्लाह पुरेसा आहे. त्याच्यासारखा वकील नाही." रस्त्यावर त्यानं तिला तिळाची चिक्की घेऊन दिली, डाव्या हातानं, आणि पैसे मोजताना नाणी सांडली. ती वेचायला दोघं खाली वाकली तेव्हा तिनं त्याचं तोंड बघितलं. तेवढंच पुरे. पुढचं ती आठवत नाही.

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली तेव्हा हातांनी तिला सावरलं. हातांचं बरं असतं, त्यांना काही सांगावं लागत नाही. माणसं येतात, बाही वर करतात, डोळे घट्ट मिटतात. ती म्हणते, "मूठ आवळा. आता समुद्राकडं बघा." खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते, तीसुद्धा वाकून बघितलं तर. ती बोटानं शीर चाचपते. कातडीखाली सुतासारखी, कधी दोरीसारखी, कधी पळपुटी. एकदा सापडली की सापडली. डॉक्टर लोक आपल्या आया तिच्याकडं पाठवतात. त्या दिवशी तिनं पट्टी चिकटवता चिकटवता शेरीहानला सगळं सांगून टाकलं. शेरीहान म्हणजे दारातल्या टेबलावर नावं घेणारी मुलगी, च्युइंगम चघळणारी, चार लोकांचं ऐकता ऐकता पाचव्याला फोन लावणारी. ती म्हणाली, "अगं ताई, एवढंच ना? उस्ताझा ईरिनी म्हणून वकील आहे, तिच्याकडं जा. माझ्या भावाला कामावरून काढलं होतं तेव्हा तिनंच परत घ्यायला लावलं. मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानावर बसते. जिभेची तिखट आहे, पण लुटत नाही."

जाळ्यांच्या दुकानावरचा जिना डांबर आणि नायलॉनच्या वासानं भरलेला होता. वर एकच लांबट खोली, तीन वकील, तीन टेबलं, आणि भिंतीलगत बाकांवर बसलेली माणसं. इग्लालच्या आधी नजरेत भरलं ते हे की सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे होते. एक शाळामास्तर, एक टॅक्सीवाला, एक बाई मांडीवर बेकरीचा खोका घेऊन. कुणाच्याही तोंडावर ते जाळीच्या खोलीतलं, आधीच ओशाळलेलं हसू नव्हतं. भिंतीवर मोठ्या अक्षरात दर लावले होते, न्हाव्याच्या दुकानात असतात तसे. कशाला किती, आणि खाली 'हप्त्यानं चालेल'. ती दोनदा वाचत राहिली. आकडे हलके नव्हते. पण ते तिच्या आयुष्यात मावणारे होते. या हिवाळ्यात कोट घ्यायचा नाही, एवढ्यात बसणारे.

उस्ताझा ईरिनी बुटकी, पन्नाशी उलटलेली, सुजलेले पाय टेबलाखाली बुटांतून बाहेर काढून बसलेली. इग्लालनं सवयीनं आधी तिचा हात बघितला. मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेला लहानसा निळा क्रूस, त्याच्या शेजारून जाणारी ठसठशीत शीर. या बाईचं रक्त डोळे मिटूनही काढता येईल, असा एक विचार मनात येऊन गेला आणि तिला जरा धीर आला.

"बोला. काय पाहिजे?"

इग्लालनं लग्नापासून सुरुवात केली. मुतवल्ली तेव्हा कसा होता, सासू कशी होती, तलाक कुठल्या कारणावरून झाला. ईरिनीनं थोडं ऐकलं आणि हात वर केला.

"बाई, ते पाणी केव्हाच समुद्राला मिळालं. काय झालं ते मी नंतर विचारीन. काय पाहिजे ते सांगा. एका दमात."

इग्लालला सांगता येईना. आपल्याला काय पाहिजे हे असं समोरासमोर आजवर कुणी विचारलं नव्हतं. काय झालं ते विचारायचे, कुणाचं चुकलं ते विचारायचे. पाहिजे काय? न्याय पाहिजे म्हणावं तर ते नाटकी वाटलं. मुतवल्लीला धडा शिकवायचाय, हेही खरं नव्हतं. ती घुटमळली, दम घेतला, आणि वाक्य आपसूक बाहेर आलं.

"माझी मुलगी तिच्याच शाळेत पाहिजे."

"झालं!" ईरिनीनं टेबलावर थाप मारली. "न्यायाधीशाला एवढंच सांगायचं. बाकी सगळा पाला. आता ऐका. मूल आईकडं राहतं तर शाळा कुठली हे आईनं ठरवायचं. कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण कायदा बिचारा आपल्या पायांनी चालत नाही, कुणीतरी हाताला धरून त्याला आत न्यावं लागतं. ते माझं काम. दर भिंतीवर आहे, बघितलात?"

"बघितला. पण उस्ताझा... लोक म्हणतात तुम्ही काहींचं फुकटही..."

"कोण म्हणतं? फुकट मी काहीच करत नाही."

इग्लालचा चेहरा तापला. "मी मागत नाहीये फुकट. मी उलट तेच सांगायला आले होते. मला फुकट नको."

ईरिनीनं चष्म्यावरून तिच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "मग आपलं जमेल," ती म्हणाली. "फुकटच्या वकिलाला कुणी जाब विचारत नाही. तुम्ही विचारायचा. फोन करायचा, कटकट करायची, समजलं नाही तर पुन्हा विचारायचं. मी काय वाचते, काय लिहिते, सगळं तुम्हाला कळलं पाहिजे. न कळता माझ्यासमोर सही करायची नाही. केलीत तर मी फाडून टाकीन."

 हे ऐकून इग्लालला जाळीच्या खोलीतला तो पंखा दिसला, मालकाच्या वकिलाची पांढरीशुभ्र बोटं दिसली. ती म्हणाली, कशी म्हणाली कोण जाणे, "आमच्या घरात आजवर एकच वकील होता, उस्ताझा. वर बसलेला."

ईरिनी मोठ्यानं हसली. शेजारच्या टेबलावरचा तरुण वकीलही मान वर करून बघायला लागला. "त्याच्या कामात मी लुडबुड करत नाही हो. मी आपली तळमजल्याचं बघते."

त्या आठवड्यात इग्लाल खरोखर कटकट करत राहिली. दुपारच्या सुट्टीत पायऱ्यांवर बसून फोन करायची. हा शब्द कशाला, तो कशाला? मुतवल्लीनं असं म्हटलं तर? ईरिनी कधी तोंडात घास असताना उत्तर द्यायची, कधी "थांबा, ट्रामखाली येईन मी" म्हणून ओरडायची, पण द्यायची. एकदा इग्लालनं विचारलं, "रिताजला आणू का कोर्टात? ती स्वतः सांगेल."  "नको," ईरिनी म्हणाली. "आईबापातून एकाकडं बोट दाखवायला लावू नये लेकराला. ते बोट आयुष्यभर दुखतं. आपण दोघी पुरे आहोत." आपण दोघी. फोन ठेवल्यावर इग्लाल ते शब्द तोंडात घोळवत राहिली. तिला जाणवलं की या दिवसांत ती अर्जाचं प्रत्येक वाक्य समजून घेतेय, आणि समजत जाईल तसतशी तिची पाठ ताठ होत चाललीय. भीती गेली नव्हती. रात्री दचकून जाग यायचीच. पण जाग आल्यावर हात जोडून पडून राहण्याऐवजी ती मनात मुतवल्लीच्या वकिलाला उत्तरं द्यायची, आणि काही उत्तरं बरी असायची.

फक्त एका ठिकाणी ती अडायची. हाज्जा सत्तूता. तिचं काय? बाळंतपणात इग्लालच्या पायांना तेल लावणारी, तलाकाच्या दिवशी मुलाला सगळ्यांदेखत शिव्या देऊन स्वतः रडत बसलेली. ती त्या गावात अर्ध्या अंगानं पडून होती आणि आपण तिची नात तिच्यापासून ओढून काढायला निघालो होतो. कायदा बाजूनं होता, तरी हा काटा निघत नव्हता. तिनं हे ईरिनीला सांगितलं नाही. ते कायद्याचं नव्हतं.

न्यायाधीशाच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बोटीसारखं घरघरत होतं. मुतवल्ली पांढरा शर्ट घालून आला होता, कडेला उभा, इग्लालकडं न बघता. थकलेला दिसत होता. त्याचा वकील उंच, अत्तर लावलेला. त्यानं सुरुवातच केली, "माननीय महोदय, ही बाई दिवसभर लोकांची रक्तं काढत फिरते. पोरीकडं बघायला हिला वेळ कुठला? बापानं मुलीला आजीच्या मायेत ठेवायचं ठरवलं, यात बिघडलं काय?" रक्तं काढत फिरते. जणू काही डासच.  तेवढ्यात शेजारी ईरिनी सुजल्या पायांवर उभी राहिली आणि तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "इग्लाल अब्दुस्समी ईद यांच्यातर्फे हजर, महोदय."

एवढंच. रोज त्या खोलीत कितीतरी वकील हेच म्हणत असतील. पण इग्लालला वाटलं, खोलीतलं यंत्र क्षणभर थांबलं. अब्दुस्समी ईद. बापाचं नाव, आजोबांचं नाव, असं पूर्ण, मोठ्यानं, भिंतीवरच्या तराजूखाली, कुणीतरी घेतलं होतं आणि त्याच्या तर्फे हजर आहे म्हटलं होतं. तिला बाप दिसला. खुर्चीजवळ उभा. आणि तिला काय वाटलं ते पुढं कधीही कुणाला नीट सांगता आलं नाही. रडू नव्हतं ते. गासडी एका दमात खांद्यावर घेताना त्याला जे वाटत असेल तसलं काहीतरी होतं. तिनं हनुवटी उचलली. ईरिनी बोलत होती, थोडंच बोलली. मूल आईकडं आहे, याच शाळेत पहिलीपासून आहे, गुण हे, नाव काढताना आईला विचारलं नाही. इग्लालला प्रत्येक शब्द कळत होता. परकी अरबी नव्हती ती. तिनं स्वतः ते शब्द उलटेपालटे करून तपासले होते.

न्यायाधीश वयस्क होता, सर्दी झालेला. त्यानं रुमाल बाजूला ठेवला आणि इग्लालकडंच बघून विचारलं, "बाई, कायद्याचं तुमच्या वकिलांनी सांगितलं. मी तुम्हाला विचारतो. ती म्हातारी आजारी आहे. तिचा मुलगा खोटं बोलत नाहीये. नात गेली आजीजवळ, तर काय होईल?"

ईरिनी तोंड उघडणार होती. तिनं उघडलं नाही. इग्लालनं तिच्याकडं बघितलं, तर ती आपल्या बुटांकडं बघत उभी.

"काय होईल ते मला माहीत आहे, महोदय," इग्लाल म्हणाली. "ती आजीचं सगळं करील. ती तशीच पोर आहे. आणि शाळा सुटेल ती सुटेल. हाज्जाला माणूस पाहिजे हे खरं आहे. पण तिला मोठं माणूस पाहिजे, ज्याला शीर सापडते, ज्याला औषध कळतं. ते मी आहे. दर शुक्रवारी मला सुट्टी असते. मी जाईन. रक्त तपासायला घेईन, न्हाऊ घालीन, पाठीला जखमा झाल्यात का बघीन. बाकीच्या दिवसांचं तिच्या मुलानं बघावं, तो कमावता आहे. त्यानं मला तलाक दिला, हाज्जानं नाही दिला." ती थांबली, आणि मग ते वाक्य आठवलं. "माझी मुलगी तिच्याच शाळेत पाहिजे."

 न्यायाधीश शिंकला. मुतवल्लीनं मान खाली घातली होती, आणि त्याचे कान लाल झाले होते, पूर्वी व्हायचे तसे. बाहेर आल्यावर ईरिनी नुसतीच चालत राहिली. इग्लालनं विचारलं, "उस्ताझा, मी जास्त बोलले का?" "मी सत्तावीस वर्षं या दगडी जिन्यांवर पाय सुजवतेय," ईरिनी म्हणाली, "आणि आज मला काही करायलाच ठेवलं नाहीत तुम्ही. चला, कलेजीचं सँडविच खाऊ. पैसे आपापले."

हुकूम आला तो इग्लालच्या बाजूनं आला. ईरिनीनं फोनवर वाचून दाखवला, सावकाश, आणि प्रत्येक ओळीनंतर "कळलं?" असं विचारत. कळलं होतं. शाळेत मुख्याध्यापिकेनं तो हातात घेऊन उगाचच दोन्ही बाजूंनी बघितला आणि नाव परत घातलं. अम्म शहातानं दारात दोघींना थांबवून खिशातली गोळी रिताजला दिली, ती लहान असताना द्यायचा तशी. कॉर्निशवरून, समुद्राकाठच्या रस्त्यानं येताना पोरगी कठड्याला एक हात लावून उड्या मारत चालली होती, आणि मधेच वळून म्हणाली, "आई, तू न्यायाधीशासमोर बोललीस? तू?" तिच्या त्या 'तू'मध्ये इतकं आश्चर्य होतं की इग्लालला राग यावा, पण आला नाही. "हो, मी," ती म्हणाली. आणि समुद्राकडं बघत राहिली, कारण तोंडावर जे पसरत होतं ते तिला आवरेना.

शुक्रवारी नमाज आटोपल्यावर ती मायक्रोबसनं हाज्जाच्या गावाला निघाली. मुतवल्ली दारातच होता. त्यानं सलाम केला, तिनं केला, तो चहा टाकायला आत गेला. गावातली एक विधवा त्यानं दिवसभरासाठी ठेवली होती. तेवढं झालं होतं. हाज्जा सत्तूता उशांच्या ढिगाला टेकून बसलेली, एक गाल ओघळलेला, पण डोळे पूर्वीसारखेच, मांजरीचे. इग्लालनं तिला न्हाऊ घातलं, पाठ तपासली, केस विंचरले. मग दंडाला पट्टा बांधला. शीर कागदासारखी झाली होती, पण सापडली. म्हातारीनं डोळे मिटले नाहीत. ती सुईकडंच बघत होती.

"मुतवल्ली म्हणतो," ती एका बाजूनं, ओढत ओढत बोलली, "तुझ्यामागं कुणीतरी मोठा माणूस आहे. कोण गं? खरं सांग."

"कुणी नाही, हाज्जा. वकील होती."

"वकील. कुणी दिली तुला?"

"मी केली."

 चहाच्या खोलीतून पेल्यांचा आवाज आला आणि थांबला. तिकडंही कुणीतरी ऐकत होतं. "केली," हाज्जा म्हणाली, जणू त्या शब्दाचं वजन बघत. "मोठ्या घरची बाई असेल. आपल्यासारख्यांना कशी परवडायची?"

"मला परवडते," इग्लाल म्हणाली. कापूस दाबून धरला, कोपर दुमडून दिलं. "माझी वकील आहे ती."

हाज्जा सत्तूतानं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. पकड अजून होती त्या हातात. दाराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ. माझ्या बापाची खजुराची झाडं होती इडकू गावात. माझ्या भावांनी मला एक झाडसुद्धा दिलं नाही, बायकांना काय करायचीत झाडं म्हणाले. मी म्हटलं, अल्लाह बघून घेईल. पन्नास वर्षं झाली." ओघळलेल्या गालात काहीतरी हललं. "अजून उभी आहेत ती. फळाला आहेत." मग तिनं मनगट हलवलं, घाई असल्यासारखं. "तुझ्या त्या वकील बाईचं नाव काय?"